सोनारीच्या वाटेवरचा शिफाखाना

बार्शीला छोट्या गाडीतून उतरलो तेव्हा अंगातलं एकेक हाड मोजून घ्यावंसं वाटलं. कुर्डुवाडीपासून ही गाडी अशी रमतगमत येते की उतारूनं खाली उतरून शेतातला ऊस खावा आणि पुन्हा तीच गाडी धरावी. बरोबर कॅमेरा, त्याचं तिकाटणं आणि फिल्मचा एकच रोल. आयातीवर बंधनं आल्यापासून पुण्यातले दुकानदार फिल्म अशी देतात, जणू स्वतःची मुलगीच देताहेत.

मला एक ओसाड इस्पितळ टिपायचं होतं. आमच्या साप्ताहिकाच्या संपादकांना पडक्या इमारतींचा भारी सोस. आरामखुर्चीत बसून त्यांना विषण्ण व्हायचं असतं. माझा शाळासोबती दिनकर परंडा तालुक्यात सोनारीच्या अलीकडं मास्तर आहे. त्याच्या गावात निजामाच्या अमलातला शिफाखाना (दवाखाना) आहे. मोगलाई गेली, तिच्याबरोबर डॉक्टरही गेला. तेव्हापासून इमारत रिकामी. आता महाराष्ट्र होऊन वर्ष उलटलं, तरी तिथं कुणी फिरकलेलं नाही.

दिनकरचं म्हणणं साधं होतं. "पडझडीचे फोटो काढ. ते घेऊन जिल्ह्याला जाऊ. आमचं तोंडी कुणी ऐकत नाही."

त्याला घाईही होती. शेजारच्या कोंडाबाईंची लेक गेल्या साली अडली. बार्शीच्या वाटेवर बैलगाडीतच गेली. आता त्यांची सून सुगंधा दिवसांत होती, सातवा सरत आलेला. तिची वेळ येण्याआधी डॉक्टर हवा होता.

परंड्याच्या मोटारीतून आणि मग बैलगाडीतून धूळ खात गाव गाठलं. शेवटची चढण ओलांडली. समोर शिफाखाना दुधासारखा पांढरा चमकत होता. कमानीला आंब्याच्या पानांचं तोरण. दारात रांगोळी.

"दिनकर, हे काय?"

"मी शाळेत होतो रे," तो हताशपणे म्हणाला. "सरकारला दाखवायला पुण्याचा पाहुणा फोटो काढणार एवढंच सांगितलं होतं. शाळा सुटल्यावर बघतो तर सगळं गाव चुन्याच्या बादल्या घेऊन भिंतीवर."

आत गेलो आणि कपाळावर हात मारला. लोखंडी कॉट कधीच चोरीला गेल्या होत्या. त्यांच्या जागी घराघरांतून बाजा आणून ओळीनं मांडलेल्या, त्यांवर धुतलेली धोतरं अंथरलेली. वरचं छत पार उडालेलं होतं. तिथं लग्नाच्या मांडवाचं कापड ताणून बांधलं होतं, झालरीसकट. बाजांवर गावकरी बसलेले, डोक्याला कोरे फेटे, बायका ठेवणीतल्या लुगड्यांत. सुगंधा पहिल्या बाजेवर, नाकात नथ.

मी भडकलो. "अहो, मला पडकं हवं होतं! काढा ते कापड."

कोंडाबाई पुढं आल्या. सडसडीत बाई, आवाज खणखणीत. "का म्हून? फोटू सरकारात जाणार न्हवं? मग काय घाण दावायची व्हय? पाव्हण्याम्होरं फाटकं नेसून कोण येतं?"

"मावशी, फाटकं दिसलं तरच सरकार काही देईल."

"भिकाऱ्याला भीक मिळती, बाबा. डाक्तर चांगल्या घरात येतो. माझी सून इथंच बाळंत व्हणार हाय. जागा नीट दिसू द्या."

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ज्यानं ही म्हण काढली त्याला या गावात आणून बाजेवर बसवावा, असं मनात आलं. कापडाला हात लावू द्यायला कुणी तयार नव्हतं. माझा सगळा रोल चुना, फेटे आणि नथीवर संपला. जेवायला हुलग्याची शेंगोळी (पिठाची तिखट वळी) होती. रागातही मी दोनदा मागून घेतली.

दुसरा रोल नव्हता, तेव्हा तेच फोटो बार्शीच्या स्टुडिओत धुऊन घेतले. दिनकरबरोबर कोंडाबाईही हट्टानं आल्या होत्या. छोट्या गाडीनं येडशी, तिथून मोटारीनं उस्मानाबाद. कचेरीतल्या साहेबांनी पुष्कळ वेळ आम्हाला बाकावर सुकवलं आणि मग फोटो पानासारखे चघळत पाहिले.

"उत्तम," ते म्हणाले. "कॉट आहेत. चादरी आहेत. स्वच्छता तर आमच्या इथल्यापेक्षा बरी. अडचण काय?"

"डॉक्टर नाही," मी म्हणालो. "छत नाही. ही माणसं आजारी नाहीत, गावकरी आहेत."

"म्हणजे गावात आजारी कुणी नाहीच?"

अशा माणसाला खुर्ची कोण देतं, हे एकदा शोधलं पाहिजे. दिनकर काही बोलणार तेवढ्यात कोंडाबाई उठल्या. पदर डोक्यावर घेऊन त्या टेबलाजवळ गेल्या.

"सायेब, समदं सोंग हाय," त्या म्हणाल्या. "ती बाज माझ्या घरची. वर मांडवाचं कापड हाय. चुना आमीच लावला. तिथं कुत्रीबी बसत न्हाईत. माझी लेक बार्शीच्या वाटंवर गाडीत मेली."

चार माणसांत हे बोलताना बाईंचा खणखणीत आवाज पार बसला होता. मला त्या साहेबाला गदागदा हलवावंसं वाटलं.

साहेबांनी पुन्हा फोटोकडं पाहिलं. मग बाईंकडं. मग पुन्हा फोटोकडं.

"आजी, डॉक्टर हवा म्हणून प्रत्येक गाव असंच रडतं," ते म्हणाले. "फोटो काही खोटं बोलत नाही." आणि फोटो माझ्याकडं सरकवून त्यांनी चहा मागवला, स्वतःपुरता.

येडशीच्या फलाटावर कोंडाबाईंनी फोटो एकेक करून पाहिले आणि परत दिले. मग म्हणाल्या, "कापड काढू दिलं असतं तर बरं झालं असतं का वो?" मी म्हणालो, त्या माणसानं तेही फोटो पाहून काहीतरी काढलंच असतं. हे मी त्यांची समजूत काढायला म्हणालो की खरंच तसं होतं, मला सांगता येणार नाही.

पुण्यात संपादकांनी फोटो पाहून मान डोलावली. "मोगलाईतसुद्धा इतकी सोय? वा! यात विषण्ण वाटण्यासारखं काही नाही, पण रविवारच्या पानावर शोभेल." मी फोटो उचलले आणि खिशात घातले.

म्हणून या लेखासोबत एकही चित्र नाही. वाचकहो, तुम्हालाही पाहिल्याशिवाय पटत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी या वेळी ऐकून विश्वास ठेवा. शिफाखान्याला छत नाही. डॉक्टर नाही. बार्शीची वाट तीच आहे, आणि सुगंधाला नववा लागला आहे.