भार कोणाचो?

बाथरूममध्ये शिरली की ती आधी भिंतीवर बोटाची पेरं वाजवायची. मग कान जवळ नेऊन पुन्हा एकदा. आणि मग मागे न वळताच विचारायची, "भार कोणाचो?"

हा प्रश्न पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, ती दांडीचं वजन विचारतेय. मी म्हटलं, "हलकीच आहे, स्टीलची." तेव्हा ती वळली आणि माझ्याकडे नीट पाहून म्हणाली, "दांडीचो नाय गो. धरतला कोण?"

मी फिजिओथेरपिस्ट आहे. अंधेरी, जोगेश्वरी, गोरेगाव या पट्ट्यात घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांना पुन्हा चालायला शिकवते. खुब्याचं हाड मोडलेली, अर्धांगातून उठलेली अशी माणसं. तुमच्याही घरात असं कुणी असेल तर तुम्हाला ठाऊक असेल, सगळी लढाई पलंग ते संडास एवढ्या अंतरात असते. तिथे भिंतीला धरायला एक भक्कम दांडी लागते. ती बसवून घ्यायला मी कित्येक वर्षं हिलाच बोलवत असे.

जोगेश्वरीच्या मेघवाडीत तिच्या नवऱ्याचा ग्रिल बनवायचा छोटा गाळा होता. त्याचे हात थरथरू लागले तसं तिनं ड्रिल हातात घेतलं. तो पिशवी घेऊन सोबत यायचा. लोक सगळं त्यालाच सांगायचे, दांडी इथे हवी, एवढ्या उंचीवर हवी. तो शांतपणे ऐकून घ्यायचा आणि शेवटी म्हणायचा, "माका सांगू नकात. मेस्त्री ती आसा." मग स्टुलावर बसून चहा प्यायचा. ती तोवर साडीचा पदर खोचून, डोळ्यांवर चष्मा चढवून टाइलवर चिकटपट्टी लावत असायची, ड्रिल घसरू नये म्हणून.

ड्रिल चालू झालं की ती भोकाकडे बघायची नाही, खाली पडणाऱ्या भुकटीकडे बघायची. लाल पडली तर वीट, राखाडी पडली तर काँक्रीट. चिमूटभर बोटावर घेऊन चोळायची आणि मग पिशवीत हात घालायची. विटेला कुठला स्क्रू, काँक्रीटला कुठला फास्टनर, हे भुकटी ठरवायची, गिऱ्हाइकानं आणलेलं पाकीट नाही. बाथरूममध्ये साधा लोखंडी स्क्रू तिनं कधी वापरला नाही. गंज बाहेरून दिसत नाही, म्हणायची, आत स्क्रू खाऊन टाकतो आणि एक दिवस माणसासकट खाली येतो.

एकदा कुणीतरी रबरी कप दाबून चिकटवायची चकचकीत दांडी आणली होती. तिनं ती हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि विचारलं, "शोभेक व्हया की धरूक?" घरच्यांनी धरायलाच हवी म्हटल्यावर तिनं ती आदरानं खोक्यात परत ठेवली.

काम झालं की ती स्वतः दांडीला लोंबकळायची. पाय वर घेऊन, डोळे मिटून. पन्नाशी उलटलेली बाई संडासात अशी लटकलेली पाहून लोकांना हसू यायचं. मला यायचं नाही. कारण त्या दांडीवर दुसऱ्या दिवशी मी माझा पेशंट सोडणार असे.

अंधेरी पूर्वेला एका नव्यानं बांधलेल्या इमारतीत माझ्या पेशंट असलेल्या एक आजी होत्या. खुब्याचं ऑपरेशन झालेलं. पाय छान भरत होता, पण कमोडवरून उठताना त्या बेसिन धरायच्या आणि बेसिन हलायचं. सून रोज हाताला धरून नेत होती, तिची नोकरी अर्ध्यावर आली होती. मुलगा म्हणत होता, डायपर लावू या, सगळ्यांचंच सोपं होईल. आजींनी पाणी पिणं कमी केलं होतं.

मी मावशीला बोलावलं. मी तिला मावशीच म्हणायची. तिनं पेरं वाजवली आणि तिचा चेहराच बदलला. ड्रिल लावलं तर पांढरी, पिठासारखी भुकटी पडली. हलक्या ब्लॉकची भिंत होती.

"ह्या भितीत स्क्रूची गिट्टी ऱ्हवाची नाय," ती म्हणाली. "भाकरेत टाचणी टोचल्यासारखा. ओढलास की येतली."

"मग?" मुलानं विचारलं.

"आरपार बोल्ट. पलीकडून लोखंडी पट्टी लावायची, मग आख्खी भिंत भार घेते."

"पलीकडे शेजाऱ्यांचं किचन आहे."

"मग विचारा त्यांना."

सुनेनं मला हळूच सांगितलं, शू-रॅकवरून भांडण झालंय, वर्ष होईल, लिफ्टमध्येसुद्धा कुणी कुणाशी बोलत नाही.

मावशीनं ड्रिल खाली ठेवलं, हात धुतले आणि सरळ जाऊन शेजारची बेल दाबली. मी मागोमाग गेले. दार उघडलं ते एका गुजराती भाभींनी.

"भाभी, आपका दीवार मेरेको मंगता है," मावशी म्हणाली.

सगळं ऐकून भाभी म्हणाल्या, "उनका शू-रॅक मेरे दरवाज़े के आगे आता है, वो किसी को दिखता नहीं. और अब मेरी टाइल फोड़ेंगे?"

मावशीनं विनवणी केली नाही. "नको तर नको बोलना. पन एक बार आके देखो," एवढंच म्हणाली.

भाभी आल्या. बाथरूमच्या दाराशी उभ्या राहिल्या. मावशीनं आजींना म्हटलं, "आजी, रोज कशा उठता ता दाखवा." आजी कमोडच्या झाकणावर बसल्या, बेसिन धरलं आणि उठू लागल्या. बेसिन करकरलं. भाभींचा हात आपोआप पुढे गेला आणि आजींनी तो धरला.

उभं राहिल्यावर आजी भाभींकडे बघून मराठीतच म्हणाल्या, "मला माझ्या पायांनी जायचंय गं. एवढंच राहिलंय माझं."

भाभींना किती समजलं कोण जाणे. त्यांनी हात सोडला नाही. मावशीकडे वळून विचारलं, "कितना बड़ा छेद?"

मावशीनं करंगळी दाखवली.

दुपारपर्यंत काम झालं. अलीकडे दांडी, पलीकडे भाभींच्या ओट्याशेजारी एक पट्टी आणि तिच्यावर चार नट. मावशी लटकली, मग तिनं आजींच्या धिप्पाड मुलालाही लटकायला लावलं. तो लाजत लाजत लटकला, आणि आजी कितीतरी दिवसांनी हसल्या. संध्याकाळी मी आजींना चालवून निघाले तेव्हा मुलगा शू-रॅक उचलून घरात नेत होता. कुणी त्याला सांगितलं नव्हतं.

काही महिन्यांनी भाभी मला लिफ्टमध्ये भेटल्या. म्हणाल्या, सकाळी चहा ठेवते तेव्हा पट्टीतून बारीक टक् असा आवाज येतो, समजतं की दादी उठल्या. मला ते फार आवडलं. मी कौतुकानं मावशीला सांगितलं. तिनं कपाळाला हात लावला.

"आवाज येता म्हणजे नट ढिलो झालो गो," म्हणाली, आणि त्याच दिवशी पाना घेऊन हजर. भाभी म्हणत होत्या, रहने दो, मला आवडतो तो आवाज. मावशीनं ऐकलं नाही. चारही नट आवळले, लटकली आणि गेली. त्यानंतर आवाज बंद झाला. मग भाभी रोज सकाळी चहा घेऊन स्वतःच आजींची बेल वाजवू लागल्या.

इतक्या वर्षांच्या ड्रिलनं मावशीचा उजवा खांदा आखडत चालला होता. ते मला सगळ्यात आधी दिसलं. मी व्यायाम लिहून दिले, दाखवले, रागावलेही. ती म्हणायची, "करतंय गो." करत नव्हती.

शेवटचं काम गोरेगावला झालं. दांडी बसवली, काँक्रीटमध्ये, पक्की. नेहमीसारखी तिनं धरली, पाय वर घेतले आणि उजवा हात सुटला. पडली नाही, पायांवर आली. कमोडच्या झाकणावर बसली आणि डाव्या हातानं दांडी हलवून पाहिली.

"दांडी ऱ्हवली," ती म्हणाली. "हात सुटलो."

मी तिचा खांदा चोळत होते. नवरा चहाचा कप तसाच ठेवून दारात येऊन उभा राहिला होता. तिनं त्याला ड्रिल पिशवीत भरायला सांगितलं.

त्या दिवाळीनंतर गाळा बंद करून दोघं कणकवलीजवळच्या गावी राहायला गेली. आता मी वेगवेगळ्या लोकांना बोलावते. बरी कामं करतात. पण भिंतीशी बोलणारं कुणी भेटलं नाही, आणि पेशंटचं नाव विचारणारं तर नाहीच.

गेल्या पावसाळ्यानंतर तिच्या नवऱ्यानं मला एक व्हिडिओ पाठवला. त्यांच्या वाडीचा ओहोळ ओलांडायला लाकडी साकव आहे, त्याला आता कठडा बसवणं चाललं होतं. मावशी गुडघाभर पाण्यात उभी होती, साडी वर खोचलेली, पाना डाव्या हातात. उजवा हात नुसताच खांबावर टेकवलेला. डाव्या हातानं नट फिरवणं जड जात होतं, दर वळशाला पाना निसटत होता, आणि ती पुन्हा लावत होती. साकवावर दोन बायका डोक्यावर भारे घेऊन थांबल्या होत्या, काम व्हायची वाट बघत. तेवढ्यात तिचं फोनकडे लक्ष गेलं.

"ता बंद करा," ती नवऱ्याला म्हणाली, "नि खाली येवन हो नट धरा."

चित्र हललं. माडांचे शेंडे दिसले, मग थोडं आभाळ, आणि व्हिडिओ संपला.