भाऊंची बोलणी

भाऊंना दोन आवाज होते. विमानात प्रवाशांशी बोलतानाचा शांत, घोटीव इंग्रजी-हिंदी आवाज. आणि पायलटांच्या करारासाठी कंपनीबरोबर झालेल्या बैठकीतून बाहेर आले, की थेट त्यांच्या गावचा, निमगाव सावाचा. "लई गोड बोलले गं. दिलं काईच न्हाई," टाय सोडत ते मला सांगायचे. मी डिंगोऱ्याची, म्हणजे त्यांच्याच जुन्नर तालुक्यातली, आणि त्याच कंपनीत को-पायलट. बाकी सगळे त्यांना कॅप्टन म्हणत. मला मात्र पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं, "इमानात कॅप्टन. खाली भाऊ."

जुना करार संपून दोन वर्षं उलटली होती. नव्या करारात भाऊंचा हट्ट मुख्यतः एकाच गोष्टीसाठी होता. सलग पहाटेच्या फेऱ्या झाल्या की पुरेशी विश्रांती मिळावी, आणि ठरलेली सुट्टी ऐन वेळी काढून घेऊ नये. पायलटांच्या बाजूने बोलणाऱ्या चौघांच्या समितीत ते सर्वांत जुने. कंपनीकडून बोलणारा माणूस मात्र दर काही महिन्यांनी बदलायचा. "आज परत पयल्यापासून सांगितलं," भाऊ म्हणायचे. "त्यो समदं लिहून घेत व्हता. मागचा पन घ्यायचा."

एकदा सुट्टीला आम्ही त्यांच्या गाडीतून गावाकडे निघालो. नारायणगावच्या बाजारात त्यांचा धाकटा भाऊ टोमॅटोचे क्रेट घेऊन आला होता. व्यापाऱ्याशी त्याची जोरदार हुज्जत झाली आणि आमच्या हातातला चहा संपायच्या आत सौदा ठरलासुद्धा. भाऊ बघतच राहिले. "हितं व्हय, न्हाईतर न्हाई," ते म्हणाले. "आमच्याकडं दोन्ही न्हाई."

धाकट्याला काही उमजेना. "दादा, एवढं इमान तुज्या हातात. आन सुट्टी मागायला दोन वर्सं?"

भाऊ हसले, मग हसायचे थांबले.

त्यानंतर तरुण पायलटांचा धीर सुटला. एक दिवस ठरवून सगळ्यांनी आजारी असल्याचं कळवायचं, विमानं उभी राहू द्यायची, असं घाटत होतं. मीही त्यांच्यात होते. भाऊ एकटे आडवे आले. "थकलो तर थकलो म्हनू. आजारी न्हाई, तर आजारी कशाला म्हनायचं? गेटवर ताटकळलेली म्हातारी आपल्यावर चिडंल, साहेबावर न्हाई." मागून दोघं-तिघं ओरडले, "कंपनीचा माणूस!" भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. शेवटी पुढच्या बैठकीपर्यंत थांबायचं, एवढंच ठरलं.

ती बैठक आदल्या दिवशी पुढे ढकलली गेली. आठवड्याभरात भाऊंनी राजीनामा दिला. समितीचा नव्हे, नोकरीचा! का, ते कुणालाच सांगितलं नाही. नोटिशीचे महिने त्यांनी गपगुमान भरले, शेवटचं विमान नेहमीसारखं अलगद उतरवलं आणि बॅग ओढत निघून गेले. जे त्यांना कंपनीचा माणूस म्हणाले होते, तेच आता म्हणत होते, निषेध म्हणून गेले. कुणी म्हणे, हरले. मला दोन्ही पटत नव्हतं.

न राहवून मी निमगाव सावाला गेले. भाऊ द्राक्षबागेत होते. मी सरळच विचारलं, "भाऊ, रागाने सोडलंत की कंटाळून?"

ते घड कापून क्रेटमध्ये ठेवत राहिले. "माजं मलाच कळंना गं. सकाळी युनिफॉर्म चढवला, आन आरशात बघून वाटलं, आता बास." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमाला आडवलं त्या दिशी. चुकलं का माजं?"

"माहीत नाही, भाऊ," मी म्हणाले. खरंच माहीत नव्हतं. त्यांना ते उत्तर आवडलं असावं. जाताना त्यांनी द्राक्षांची पेटी गाडीत ठेवली.

करार अजून झालेला नाही. भाऊंची समितीतली खुर्ची रिकामी होती, तिथे बसायला कुणी तयार नव्हतं. गेल्या महिन्यात मी माझं नाव दिलं. का दिलं, ते नीट सांगता येत नाही. भाऊंना फोन करून कळवलं. मला वाटलं, आता शहाणपणाचं काहीतरी सांगतील.

"जेवून जात जा," ते म्हणाले. "लई वेळ लागतो तितं."