मोटारीच्या पोटातला मासा

आत्याच्या खेळण्यातल्या जपानी मोटारीची चावी फिरेना, म्हणून काल मी वरचा लाल पत्रा अलगद उचकटला. बोटीवर नोकरी करणाऱ्या आजोबांनी ती आत्याला लहानपणी आणून दिली होती. पत्र्याच्या आतल्या बाजूला निळी परकी अक्षरं होती आणि अर्धा मासा.

"आत्या, हा कुणीतरी खाऊन फेकलेला डबा आहे."

"मग? गोड्या तेलाच्या डब्यात आपण मोगरा लावलाच की."

ही मोटार बनवणारी कंपनी आता पडद्यावरचे खेळ करते. माझी मुलगी त्यातच बुडालेली असते. पण दुसरं महायुद्ध हरल्यावर जपानमध्ये साधा पत्राही मिळत नव्हता. तेव्हा या लोकांनी जिंकून आलेल्या अमेरिकन सैनिकांचे जेवणाचे रिकामे डबे गोळा केले, धुतले, कापून सपाट केले आणि छापील बाजू आत वळवून वरून रंग दिला. पोट भरलं की मग खेळ, असं मी आजवर धरून चालत आलो. इथे तर उपाशी माणसांनी दुसऱ्याच्या जेवणाचा डबा उचलला आणि त्याला चाकं लावली. मला ते कधी सुचलं नसतं.

आतला गंज काढायला मी पॉलिशपेपर घेतला, तर आत्याने हात धरला.

"मासा राहू दे."

मी नुसतं तेल सोडलं, पत्रा बसवला आणि चावी दिली. मोटार घरघरत थेट पलंगाखाली गेली. मी उठायच्या आत गुडघेदुखीवाली आत्या पलंगाखाली हात घालायला जमिनीवर पालथी झाली होती.