गळ टाकणाऱ्याला विचारू नये

मासे रोज सापडत नाहीत, किस्से मात्र सापडतात. पहाटे गळ घेऊन निघालेला माणूस दुपारी रिकामी पिशवी घेऊन घरी आला, की बायकोला काहीतरी सांगावंच लागतं. असं सांगून सांगून माझ्याकडे इतके जमलेत की आता बायकोच म्हणते, "किस्सा राहू द्या, येताना बाजारातून रोहू आणा."

आमचा तलाव भोकरदन आणि जाफराबादच्या मधे कुठेतरी आहे. नाव सांगत नाही. मागे एकदा एकाला सांगितलं, तर पुढच्या रविवारी दोन बोटी वाढल्या! पूर्वी इथे आम्ही चौघं आणि बगळे असायचो. मग कुणीतरी बोटिंगचा ठेका घेतला. पायाने चालवायचे पांढरे हंस आले, एक मोटरबोट आली, धक्क्यावर स्पीकर आला, भाजलेली कणसं आली. आता रविवारी संभाजीनगरपासून गाड्या येतात. पाणी मात्र होतं तेवढंच आहे, आणि त्यातच सगळ्यांनी मावायचं आहे.

चौघं म्हणजे कोण, ते सांगतो. मी, भोकरदनला माझं झेरॉक्सचं दुकान आहे. भगवानराव, एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. मुनीरभाई, विहिरीवरच्या जळालेल्या मोटरींत नवी तार भरून देतात. आणि खरात गुरुजी. गुरुजींनी आमच्या तिघांच्या पोरांना मराठी शिकवलं आणि आम्हाला गळ टाकायला. त्यातली पोरं बरी निघाली.

धरणाच्या भिंतीला उतरते दगड लावलेले आहेत, त्यावर आमच्या जागा ठरलेल्या. गुरुजींचा दगड सगळ्यात खाली, पाण्याला टेकलेला, पाटासारखा सपाट.

* * *

आपल्याकडे घराबाहेर निघालेल्या माणसाला 'कुठं' म्हणून विचारत नाहीत. काम होत नाही म्हणतात. गळ टाकून बसलेल्यालाही 'लागलं का काही' असं विचारायचं नसतं. पूर्वी हे तलावावर सगळ्यांना माहीत होतं, कारण ज्याला माहीत नाही असा माणूस तलावावर येतच नव्हता.

आता येतो. हंसात बसून येतो, सोबत बायको, मेव्हणी, दोन लेकरं. अगदी जवळ येऊन, हसऱ्या तोंडाने सगळे एका सुरात विचारतात, "काका, लागलं का काही?"

त्यांचं मन वाईट नसतं, हे मला मान्य आहे. पण सकाळपासून हाच प्रश्न वीस तोंडांनी विचारला की माणसाला स्वतःच्याच आयुष्याविषयी शंका यायला लागते.

गुरुजींनी यावर नियम काढला. उत्तर द्यायचं नाही. कुणी विचारलं की सगळ्यांनी गळ वर घ्यायचा, गांडूळ जागेवर आहे का बघायचं, त्यावर थू करायचं आणि परत टाकायचा. म्हणजे नजर उतरते. गळ वर आला की गुरुजी मान वळवून सगळ्यांचे गळ बघायचे. गांडूळ माशाने कधीच खाऊन टाकलंय आणि आपण नुसताच लोखंडाचा काटा पाण्यात सोडून बसलोय, असं निघालं तर ते एकच शब्द बोलायचे, "नापास." रिकामा गळ टाकून बसणं म्हणजे वर्गात डोळे उघडे ठेवून झोपणं, असं त्यांचं मत होतं.

एका रविवारी बोटींची रांगच लागली. भगवानराव वैतागले. "गुरुजी, माझा गळ पाण्यापेक्षा हवेतच जास्त राहून राह्यला."

गुरुजी दोरी सोडत म्हणाले, "मंग आज तुला पाखरू लागन."

* * *

आणि लागलंच, पण पुढच्या महिन्यात. नुकतं लग्न झालेलं एक जोडपं हंसात बसून भिंतीजवळ आलं. दोघंही एकमेकांकडे बघत होते, पाण्याकडे कुणीच बघत नव्हतं. भगवानरावांची दोरी बोटीखालच्या पंख्यात अडकली आणि गुंडाळत गेली. पोरगा पाय मारतोय, हंस जागच्या जागी गोल फिरतोय, आणि भगवानराव दोरी धरून दगडावर पाय रोवून उभे.

"काका, सोडा ना," पोरगा म्हणाला.

"दोरी तुम्ही धरली हाये, मी न्हाई," भगवानराव म्हणाले. "पाय थांबवा आधी. तुम्ही पाय मारून राह्यले अन् ती गुंतून राह्यली."

पाय थांबले. भगवानरावांनी हंस हळूहळू ओढत भिंतीशी आणला, वाकून खालची दोरी सोडवायला लागले. जरा शांतता झाली. शांतता त्या नव्या नवरीला अवघड वाटली असावी. काहीतरी बोलायचं म्हणून तिने विचारलं, "काका, लागलं का काही?"

भगवानरावांनी वर पाहिलं. मग हंसाकडे पाहिलं, चोचीपासून शेपटीपर्यंत.

"लागलं ना," ते म्हणाले. "पण हा पिशवीत मावत न्हाई."

आम्ही पोट धरून हसलो. गुरुजींनी मात्र त्यांना नापास केलं. उत्तर द्यायचं नाही असं ठरलं होतं.

* * *

धक्क्यावरच्या स्पीकरचा त्रास वेगळाच. मासा कानाने ऐकत नसेलही, पण आम्ही ऐकतो. सकाळी आठला गाणी सुरू होतात ती गल्लीतल्या मिरवणुकीत लावतात तशी. आम्ही ठरवलं की कुणीतरी जाऊन ठणकावून सांगायचं. माझा स्वभाव भांडायचा नाही, भगवानराव भांडले तर थांबत नाहीत, म्हणून मुनीरभाईंना पाठवलं. धक्क्यावर संतोष नावाचा पोऱ्या सगळं बघतो, शिट्टी त्याच्याच गळ्यात असते. मुनीरभाई त्याच्याशी बोलताना आम्हाला लांबून दिसत होते.

गाणं बंद झालं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. काय सुख होतं ते! पाणी भिंतीला लागल्याचा आवाज कितीतरी दिवसांनी ऐकला. अर्धा तास गेला, मुनीरभाई काही परत येईनात.

मग एकदम गाणं सुरू झालं. पहिल्यापेक्षा दुप्पट मोठं आणि काचेसारखं स्वच्छ. मुनीरभाई हात पुसत आले.

"अहो, बंद करायला पाठवलं होतं ना तुम्हाला!" मी म्हणालो.

"क्या करता? आवाज फट रा था," मुनीरभाई खाली बसत म्हणाले. "सुना नै गया मेरे से."

* * *

मग एकदा चहावर समझोता झाला. संतोषही शहाणा मुलगा आहे, त्याचंही पोट बोटींवर आहे. ठरलं असं की भिंतीपासून थोड्या अंतरावर पाण्यात एक निळा प्लास्टिकचा ड्रम सोडायचा. बोटींनी ड्रमच्या अलीकडे यायचं नाही. ड्रम मी आणला, नांगर म्हणून दगड गुरुजींनी बांधला.

पुढच्या रविवारी आम्ही निवांत बसलो. पहिला हंस निघाला तो थेट ड्रमकडे. दुसरा त्याच्या मागे. ड्रमला हात लावून परत फिरायचं, अशी त्यांची शर्यत लागली होती. दुपारपर्यंत धक्क्यावर लोक विचारायला लागले, "तो ड्रमवाला राउंड केवढ्याला?" काहीजण ड्रमला मिठी मारून फोटो काढत होते.

मुनीरभाई बराच वेळ बघत राहिले. "पैले लोगां रस्ता भूल के आते थे," ते म्हणाले. "अब पता पूछ के आ रै."

ड्रम अजून आहे. काढायलाही कंटाळा आलाय. खरं सांगतो, भांडणाचं एक वय असतं. त्यानंतर माणूस नुसता दोरी गुंडाळतो.

* * *

संतोषला आमचं वाईट वाटायचं. एकदा तो स्वतः भिंतीवर आला आणि गुरुजींना म्हणाला, "गुरुजी, बाईंना घेऊन या की एखाद दिवशी. हंसातून चक्कर मारा. तुम्हाला फुकट."

गुरुजींनी त्याला जवळ बसवून घेतलं. शांतपणे समजावलं.

"हे बघ बाबा. उलट्या तोंडानं गाढवावर बसून मी पूरं भोकरदन फिरन. पण त्या पाखराच्या पोटात बसून पाय हलवायचो न्हाई. मेलो तरी न्हाई."

संतोष हसत गेला. गुरुजी हसले नाहीत. ते अशा गोष्टीत गंमत करायचे नाहीत.

* * *

दिवाळी झाली आणि गुरुजींच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली. जालन्याच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा आम्ही तिघं भेटायला गेलो. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली पलंग, पलंगावर गुरुजी. आम्ही दिसताच त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

गुरुजींच्या पत्नी, खरात बाई, बाहेरपर्यंत आल्या. त्याही शाळेवरच होत्या, सरळ बोलतात. "बोलता येतं थोडं थोडं. पण जीभ वळत न्हाई म्हणून बोलतच न्हाईत. आयुष्यभर दुसऱ्याचे उच्चार सुधारले ना, त्याची लाज वाटून राह्यली त्यांना. डॉक्टर म्हणतेत पाय फिरता ठेवा, सायकल चालवल्यासारखा. ते बी न्हाई. असेच पडून राह्यले तर उठायचे न्हाईत म्हणतेत."

रस्त्याने मला फार वाईट वाटत होतं आणि रागही येत होता, कुणाचा ते कळत नव्हतं.

तलावावर जाणं सुरू ठेवलं. घरी बसून तरी काय करायचं? गुरुजींच्या दगडावर मुनीरभाई आपली पिशवी ठेवायचे. जागा सपाट, पाण्याला लागून, त्यामुळे फोटो काढणाऱ्यांचा तिच्यावर डोळा. एकदा हंसातून एक बाप्या उतरायलाच लागला.

"इथं माणूस बसतो," भगवानराव म्हणाले.

"कुठंय माणूस?"

"येऊन राह्यला."

त्या बाप्याने रस्त्याकडे बघितलं. रस्ता रिकामा होता. "कधी येणार?"

भगवानरावांनी चाळीस वर्षं एसटीत जे उत्तर दिलं तेच दिलं. "गाडी सुटली हाये तिकडून."

* * *

होळीच्या आधीचा रविवार. आम्ही बसलो होतो आणि स्पीकर बंद होता. आठ वाजले, नऊ वाजले, तरी गाणं नाही.

"बिगड गया होगा," म्हणत मुनीरभाई पक्कड घेऊन उठलेसुद्धा.

तेवढ्यात शिट्टी झाली. धक्क्यावर गर्दी होती, पण संतोषने सगळे हंस बांधून ठेवलेले. एकच सुटला होता. त्याच्यापाशी बरीच धावपळ झाली होती, दोघातिघांनी मिळून कुणाला तरी आत बसवलं होतं. हंस सावकाश निघाला. अगदी सावकाश. मुनीरभाई उभे होते ते खाली बसले. आम्ही तिघं तिकडेच बघत राहिलो.

पाऊण तलाव ओलांडायला त्याला किती वेळ लागला, सांगता येणार नाही. निळ्या ड्रमजवळ आला तेव्हा बाई ओळखू आल्या. साडीवर नारिंगी जाकीट, दोन्ही पाय पेडलवर. शेजारी गुरुजी. त्यांचा उजवा पाय टॉवेलने पेडलला बांधलेला. हंसातली दोन्ही पेडलं एकाच दांड्यावर असतात, एकाने मारलं की दुसऱ्याचंही फिरतं. बाई पाय मारत होत्या आणि गुरुजींचा पाय फिरत होता.

ड्रम मागे टाकून हंस भिंतीशी आला. आम्ही नमस्कारसुद्धा केला नाही.

"सायकलवर बसंनात," बाई दम खात म्हणाल्या. "घरातून बाहेर निघंनात. मंग काल म्हणलं, तळ्यावर तर चलता का? तर मान हलवली."

गुरुजींनी आपल्या दगडाकडे पाहिलं. मुनीरभाईंनी घाईने पिशवी उचलून मांडीवर घेतली. मग गुरुजींनी आमच्याकडे पाहिलं. त्यांचं तोंड हललं, एकाच बाजूने. शब्द बाहेर यायला वेळ लागत होता. बाईंनी पाय थांबवले.

"लागलं... का... काही?"

पहिला गळ भगवानरावांनी वर घेतला. मग मुनीरभाईंनी. मग मी.

तिन्ही गळ उन्हात लोंबकळत होते. एकावरही गांडूळ नव्हतं.

गुरुजींनी एक बघितला, दुसरा बघितला, माझा जरा जास्तच वेळ बघितला.

"नापास," गुरुजी म्हणाले. "तिघंबी."