शिवणकाकूंचं परदेशातलं पहिलं गिऱ्हाईक

जग केवढं, असं शिवणकाकूंना कुणी विचारलं असतं, तर त्यांनी बसस्टॉपपासून इस्त्रीवाल्याच्या दुकानापर्यंत बोट फिरवलं असतं. तेवढ्या टापूतल्या लोकांचे कपडे त्यांनी उभा जन्म शिवले. कुणाचा कोणता खांदा उतरता आहे, हे त्या माणसाच्या बायकोपेक्षा काकूंना जास्त ठाऊक. अशा बाईनं सातासमुद्रापार दुकान थाटावं, हे आक्रीतच म्हणायचं.

त्याचं मूळ त्यांच्या नवऱ्यात होतं. नवरा बस चालवायचा. अर्धांगाचा झटका आला आणि डावा हात खांद्यापासून लुळा पडला. भरली बस अरुंद गल्लीतून वळवणाऱ्या माणसाची बटणं आता बायको लावणार! त्याने बाहेर पडणंच सोडलं. काकूंनी समजावून पाहिलं, रुसून पाहिलं, शेवटी हात टेकले आणि मशीनवर बसल्या. त्यांनी एक शर्ट शिवला. डावी बाही ऐसपैस, बगलेत जास्तीचं कापड, वरून दिसणारी बटणं नुसती शोभेची आणि पट्टीच्या आत लोहचुंबकाच्या चकत्या. पट्टीवर पट्टी आणली की टक् टक् करत शर्ट आपोआप बंद. तो घालून नवरा एकटा कोपऱ्यापर्यंत जाऊन आला. काकू दाराआड उभ्या राहून ढसाढसा रडल्या.

सूनबाईने त्या शर्टाचा फोटो इंटरनेटवर टाकला, तशी माणसं विचारत येऊ लागली. काकू प्रत्येकाला समोर बसवायच्या, "हात उचला बघू" म्हणायच्या आणि मगच कात्री हातात घ्यायच्या. पण सूनबाईची झेप मोठी. तिने परदेशी भाषेत पान तयार केलं, टपालाची चौकशी केली, मापांचा तक्ता केला.

"आई, तिकडच्यांना समोर नाही बसवता येणार. ते मापं पाठवतील, आपण शिवायचं."

"म्हणजे उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हण की!" काकू म्हणाल्या, पण मशीनला तेल घातलं.

पहिली मागणी आली ती एका बाईची, नवऱ्यासाठी. झटका आल्यापासून ते घराबाहेर पडलेले नाहीत, हा शेवटचा प्रयत्न, असं तिने लिहिलं होतं. काकूंनी घरच्या माणसासाठी शिवावा तसा जीव ओतून शर्ट शिवला. तो पोचला आणि तिकडून उत्तर आलं. सूनबाईने वाचलं आणि तिचा चेहरा पडला.

"आई, त्यांचा उजवा हात गेलाय. आपण डाव्याचा शर्ट पाठवला. त्यांनी खूप झटापट केली आणि फेकून दिला. पुन्हा असलं काही आणू नकोस म्हणाले."

पानावर "आजारी बाजूची बाही सैल" एवढंच लिहिलं होतं. बाजू कोणती, ते विचारायचं कुणाला सुचलंच नव्हतं. या घरात आजारी हात म्हणजे डावा. सूर्य कुठे उगवतो हे जसं कुणी विचारत नाही, तसंच ते.

"पहिल्याच घासाला खडा," सूनबाई म्हणाली. "पैसे परत करू आणि परदेश बंद करू."

"पैसे देऊन तो माणूस घराबाहेर पडणार आहे का?" काकू कडाडल्या आणि कापड पसरून बसल्या.

त्यांची एक रीत होती. शर्ट झाला की आपला डावा हात लुळा सोडायचा आणि शर्ट स्वतः घालून बघायचा. या वेळी उजवा लुळा सोडला आणि त्यांची पार दैना झाली. डावा हात ऐकेना, पट्टी सरके, घाम फुटला. खुर्चीत बसलेला नवरा बघत होता. आजारी पडल्यापासून तो आपल्या हाताबद्दल अवाक्षर बोलला नव्हता.

"अगं, गेलेला हात आधी घाल," तो एकदम म्हणाला. "चांगला मागून. आणि पट्टी ओढू नकोस, हनुवटीखाली दाबून धर."

काकूंनी तसं केलं. शर्ट बंद झाला.

"त्याचा तर लिहायचा, जेवायचा हात गेला गं," नवरा म्हणाला. "माझं त्याच्यापेक्षा बरं. चकत्या मोठ्या लाव."

काकू त्याच्याकडे बघतच राहिल्या. शर्ट मिळेपर्यंत शेजाऱ्यालाही तोंड न दाखवणारा हा माणूस, कधी न पाहिलेल्या कुणासाठी हळहळत होता! वर सूनबाईला म्हणाला, "मी घालून दाखवतो, व्हिडिओ काढ. शब्दांनी नाही कळायचं त्याला." लुळ्या हातासकट तो कॅमेऱ्यासमोर बसला. सगळ्या जगाला दिसेल, याची त्याला पर्वा नव्हती.

शर्ट गेला, व्हिडिओ गेला. मग नुसती वाट पाहणं. काकूंचं जेवणावरून मन उडालं.

अखेर तिकडूनही एक व्हिडिओ आला. तिघं फोनवर वाकले. अनोळखी खोली, अनोळखी म्हातारा. त्याने गेलेला हात आधी बाहीत घातला, मग चांगला. पट्टी हनुवटीखाली धरली, अगदी ड्रायव्हरसाहेबांसारखी. दोनदा चुकला. मग टक्, टक्, टक्. तो उठला, दार उघडलं आणि एकटा बाहेर गेला.

"जमलं की गड्याला!" नवऱ्याने मांडीवर थाप मारली.

काकूंचं लक्ष मात्र मागे उभ्या असलेल्या बाईकडे होतं. म्हातारा चुकला तेव्हा तिचे हात पुढे आले होते, बटणं लावायला आल्यासारखे, आणि तिने ते कसेबसे मागे घेऊन एकमेकांत घट्ट धरले होते. तो गेल्यावरही ते तसेच होते. मग ती दाराआड गेली.

"पुढे काहीच नाही," सूनबाई म्हणाली. "बंद करू?"

"थांब," काकू म्हणाल्या. "ती रडतेय. तिचं होऊ दे."