पांढऱ्या ढिगाची वाळू

माझे धाकटे दीर गिलाव्याचे मिस्त्री. भिंतीवर हात फिरवायची खोड इतकी, की कुणाकडे चहाला गेले तरी आधी भिंत चाचपणार आणि मगच बसणार. त्यांच्या मुलीच्या सासरी आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी होणाऱ्या व्याह्यांच्या भिंतीला नख लावून पाहिलं आणि तोंडावर सांगितलं, "पोपडे धरणार ही." मी कोपराने ढोसलं नसतं तर पाहुणचार तिथेच आटोपला असता. पोपडे धरले हे खरं. पण खरं बोलायचीही एक वेळ असते, आणि ती भावजींना जन्मात कधी साधली नाही.

हात मात्र सोन्याचा. आमच्या गल्लीत संध्याकाळी दिवे लागले की त्यांच्या भिंतींवर उजेड असा सपाट पसरायचा की कुठे उंचवटा नाही की खळगा नाही. फिरायला निघाले की हात मागे बांधून घरं बघत चालायचे आणि सोबतीला कुणीही असो, हे सांगायचेच, "सगळी मीच केली." मला ते हजारदा ऐकून पाठ झालं होतं. माझं घरही त्यातच. त्यांचं आणि माझं घर एका भिंतीचं. ते पलीकडे खोकले तर मी इकडे पाणी प्यावं, इतकं जवळ.

वाळू यायची खाणीवरून. गावाबाहेर युरेनियमची खाण होती, माझे यजमान तिथेच कामाला. खनिज दळून, धुऊन जे उरायचं ते कंपनी कुंपणापलीकडे ओतायची. त्याची टेकडीच झाली होती. ऊन पडलं की पांढरी दिसायची, म्हणून तिला पांढरा ढीग म्हणत. गिलावेवाल्यांना तर लॉटरीच लागली. चाळायला नको, धुवायला नको, एक खडा सापडेल तर शपथ. कंपनीही म्हणायची, घेऊन जा, तेवढीच आमची जागा मोकळी. कामाचं होतं ते काढून घेतलं, आता उरली नुसती वाळू, असा सगळ्यांचा साधा हिशेब. भावजींनी गाड्याच्या गाड्या आणल्या. फरशीखाली भर तिची, भिंतीला गिलावा तिचा. पुढे ढिगाला तारेचं कुंपण पडलं, तोवर त्यांनी परसात ताडपत्रीखाली थोडी राखून ठेवली होती, गिलाव्याच्या शेवटच्या हातासाठी.

माझे यजमान छातीच्या रोगाने गेले तेव्हा लोक म्हणाले, खाणीतली धूळ. पटण्यासारखं होतं. मग माझी जाऊ, भावजींची बायको, त्याच रोगाने अंथरुणाला खिळली. ती बिचारी खाणीच्या फाटकापाशीही कधी गेली नव्हती. घर, अंगण आणि कोपऱ्यावरचं दुकान, एवढंच तिचं जग. तिने कधी विडी ओढली नाही की घरात कुणाला ओढू दिली नाही. लोकांना तेव्हा काही म्हणायला सुचलं नाही. ती गेली.

त्यानंतर बऱ्याच काळाने आरोग्य खात्याची मोजणीवाली बाई आली. घरोघरी कपाटावर हवा मोजणारी एकेक डबी ठेवून गेली, काही महिन्यांनी उचलायला आली, आणि मग आमच्या ओट्यावर बसून तिने नीट समजावून सांगितलं. युरेनियम गेलं तरी त्याच्यासोबतचं रेडियम वाळूतच राहतं. त्यातून एक वायू निघत राहतो. वास नाही, रंग नाही. उघड्यावर तो विरून जातो, बंद खोलीत साठतो आणि श्वासाबरोबर छातीत उतरतो. आज काही होत नाही, उद्याही नाही. वीस-तीस वर्षांनी एखाद्याला होतं, दुसऱ्याला होत नाही. मी विचारलं, माझ्या जावेला त्यानेच झालं का? बाई म्हणाली, अमुक एका माणसाबद्दल तसं सांगता येत नाही. मला तिचा राग आला. इतकी वर्षं झाली, अजून येतो. ती खरं बोलत होती म्हणूनच येतो.

उपाय असे: खिडक्या उघड्या ठेवा, आणि खात्याची माणसं भर उपसून गिलावा उतरवायला येतील तेव्हा त्यांना येऊ द्या. आपल्या हाताने भिंत फोडायची नाही, धूळ वाईट. माणसं कधी येतील? नंबर लागला की. घर विकावं म्हटलं तर मोजणी झालेलं घर कोण घेणार? आम्ही आपले बसलो, डब्यात झाकण लावून ठेवल्यासारखे.

भावजी काही बसणाऱ्यांतले नाहीत. वायू भिंतीतून येतो ना, मग भिंत बंद करतो, असं म्हणून त्यांनी नदीची वाळू आणून घरभर दुसरा गिलावा चढवला. फटी भरल्या, खिडक्यांच्या चौकटी चोपून काढल्या, वरून तेलरंग दिला. मुंगीला वाट राहिली नाही. बाईने पुन्हा डबी ठेवली तर आकडा आधीपेक्षा वर. वायू जमिनीखालच्या भरीतूनही येत होता आणि आता त्याला बाहेर पडायला जागाच नव्हती. इतकं सुंदर काम त्यांच्या हातून दुसरं झालं नसेल. बाई गेल्यावर ते त्या भिंतीकडे तोंड करून बसून राहिले.

हा सगळा खटाटोप नातीसाठी होता. माझी पुतणी, भावजींची एकुलती मुलगी, गावाच्या दुसऱ्या टोकाला नव्या वसाहतीत राहायची, सासू-सासरे गेल्यावरही सासरच्याच घरात, आणि औषधांच्या दुकानात काम करायची. जावई ट्रकवर, आठवडाभर बाहेर. तिची मुलगी, आम्ही तिला भिंगरी म्हणतो, दिवसभर आजोबांकडे असायची. मोजणीचं कळलं आणि पुतणीने सांगून टाकलं, भिंगरी आता या घरात पाऊल टाकणार नाही. आईला गिळलं या घराने, म्हणाली. मी तिच्या जागी असते तर हेच केलं असतं.

मग सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं तिकडे जायला लागलो. पहिल्याच दिवशी पुतणी कौतुकाने सांगू लागली, की शेजारीण सांभाळते हिला, पण इथेच, हिच्या खोलीत. ढिगाची धूळ वाऱ्यावर येते असं ऐकलं म्हणून खिडक्या अगदी घट्ट लावून ठेवते. भावजींचा चहा कपातच राहिला. त्या दिवसापासून माणूस बिघडला. मुलीला म्हणायचे, हिला पुढच्या खोलीत झोपव. म्हणायचे, हवा लागली पाहिजे पोरांना. एकदा तर खोली पुन्हा गिलावतो म्हणाले. पुतणी हसली, म्हणाली, बाबा, याच्याहून चांगली भिंत अख्ख्या वसाहतीत नाही. मला बाजूला घेऊन तिने विचारलं, बाबांना विसरायला होतंय का गं, मोठी काकू?

परतताना मी त्यांना रस्त्यातच धरलं. माझ्या जिभेला हाड नाही हे ते जाणून आहेत, म्हणून मला टाळत होते. पण त्या दिवशी रस्त्याकडेच्या कट्ट्यावर बसले आणि बोलले. सासरच्या भिंतीला पोपडे धरले होते. भिंगरी होणार म्हणून ती खोली त्यांनी नव्याने करून दिली होती. खाली भर घातली, वर गिलावा चढवला. परसातली राखून ठेवलेली वाळू तिथे संपवली. तेव्हा कुणाला काय ठाऊक होतं? ते म्हणाले, "वहिनी, ती म्हणते मी त्या वाळूतून सुटले. तिला कोणत्या तोंडाने सांगू?"

मी त्यांना खूप बोलले. मग मलाच रडू आलं. शेवटी मी एवढंच म्हणाले, की तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते.

पुढच्या सुट्टीला गेलो तर वारा सुटला होता. भिंगरी पलंगावर बाहुलीला निजवत होती. भावजींनी आत जाऊन खिडकी उघडली. पुतणीने लावली. त्यांनी पुन्हा उघडली. तिने पुन्हा लावली आणि या वेळी आवाज चढवला, की बाबा, बाहेरची धूळ आत येते.

"धूळ बाहेर नाही गं," ते म्हणाले. "आत आहे. ही खोली त्याच वाळूची आहे. मीच घातली."

पुतणीने भिंतीला हात लावला आणि लगेच काढून घेतला. भिंगरीला उचललं, तिच्या पायात एकच चप्पल, आणि ती तशीच दाराबाहेर पडली. आम्ही मागोमाग. समोर बंद दुकानाची पायरी होती, तिथे ती बसली. भिंगरी दुसरी चप्पल मागत होती. आणायला आत कुणी गेलं नाही.

मी म्हणाले, मोजणीवालीला बोलावू, ती डबी ठेवील. पुतणी म्हणाली, आणि डबीचं कळेपर्यंत आम्ही कुठे जायचं? माझ्याकडे या म्हणणार होते, पण माझं घरही त्याच वाळूचं. तिच्या नणंदेचं घर आठवलं. तिची बैठकीची खोली भावजींनी त्याच वाळूने केलेली. औषधांच्या दुकानाच्या मालकिणीचं? तिचा जिना. माझ्या भावाचं? तेही.

पुतणीने बापाकडे पाहिलं. तिच्या बोलण्यात राग नव्हता, ती खरंच विचारत होती. "बाबा, आपल्या माणसांत तुमचा हात न लागलेलं एक तरी घर आहे का?"

भावजी आठवू लागले. मनातल्या मनात सगळ्या गल्ल्या फिरून आले असावेत, कारण बोटं मांडीवर हलत होती, आणि मी आशेने त्या बोटांकडे बघत होते. मग बोटं थांबली.

"नाही," ते म्हणाले. "सगळी मीच केली."