एकाच मीटरवर

कॉम्प्युटर चालू होत नाही म्हटलं की माणूस आधी त्याला चापट मारतो. मग प्लग काढून परत लावतो. मग घरातल्या पोरांवर ओरडतो. माझं हे सगळं करून झालं होतं. घरात पोरं नव्हती, म्हणून बाबांवर ओरडले होते, एवढाच काय तो फरक.

लालबागच्या आमच्या खोलीत खिडकीपाशी आईचं शिवणाचं मशीन असायचं. आई गेली, मशीन विकलं, आणि काही वर्षांनी त्या जागी कॉम्प्युटर आला. मी फोर्टातल्या एका ऑफिसात टायपिस्ट होते. ते ऑफिस वाशीला गेलं आणि जाताना आम्हा निम्म्या बायकांना घरी बसवून गेलं. निघताना हातावर जे ठेवलं ते सगळं मी दादरच्या डीटीपी क्लासात आणि ह्या सेकंडहँड पेटीत घातलं. बाबा साच्यावर, म्हणजे मागावर होते, संपात मिल सुटली ती सुटलीच. नंतर कुठे कुठे वॉचमनकी केली, आता गुडघ्यांमुळे तीही होत नव्हती. म्हणजे घर चालायचं ते त्या पेटीवर, आणि पेटी चालेना.

काम यायचं फणसवाडीतल्या एका छापखान्यातून. लग्नपत्रिका, बाराव्याची कार्डं, मंडळांचे अहवाल असं बारीकसारीक. त्या वर्षी छापखान्याच्या मालकांनी एका छोट्याशा दिवाळी अंकाचं कंपोजिंग मला दिलं. म्हणाले, "बाई, घट बसायच्या आत सगळी पानं हातात द्या, वर्षभराचं काम तुमच्याकडे. जमत नसेल तर आत्ताच सांगा, दादरला एक जण तयार बसलाय." मी म्हटलं, जमेल, न जमायला काय झालं?

गणपती गेले आणि कॉम्प्युटरने रंग दाखवायला सुरुवात केली. कथेचं पान अर्ध्यावर आलेलं असायचं आणि पडदा एकदम काळा व्हायचा. आतला पंखा क्षणभर दम खायचा, मग एक टूँ असा आवाज, आणि स्वारी पहिल्यापासून सुरू. मेमरी मोजणार, पांढरी अक्षरं सोडणार, मागच्या वेळी मला नीट बंद केलं नाहीत म्हणून मलाच दटावणार. मी बंद केला होता का? तो मेला आपला आपण बंद पडला होता. तोवर टाइप केलेलं सगळं पाण्यात. कधीकधी तर सुरूही व्हायचा नाही, नुसता हिरवा दिवा लावून बसायचा. मग बटण दाबून धरा, सोडा, थोडं थांबा, परत दाबा.

दादरच्या क्लासवाल्यांनी एका इंजिनियरचा पेजर नंबर दिला होता. हा गृहस्थ आमच्या भागात सोमवारी आणि गुरुवारी यायचा, बाकीचे दिवस त्याचे फोर्ट आणि अंधेरीला जायचे. स्वभावाने चांगला, पण बोलणं असं की मीच काहीतरी केलंय. "मॅडम, काय नवीन लावलंय का? नवीन प्रिंटर, नवीन बोर्ड, काही?" मी म्हणायचे, काही नाही. आणि ते खरं होतं. आमच्या खोलीत त्या महिन्यात नवीन काहीच आलेलं नव्हतं, बाबांचा एक मलम सोडला तर.

पहिल्या खेपेला त्याने वायर बदलली. मला नीट शिकवलं की आधी भिंतीपासून सुरुवात करायची. प्लगमध्ये वीज आहे का, वायर ढिली नाही ना, मागचं बटण चालू आहे ना, आणि मगच पेटी उघडायची. दुसऱ्या खेपेला पेटी उघडून मेमरीची पट्टी बाहेर काढली आणि शाळेतल्या खोडरबराने तिच्या सोनेरी कडा घासल्या. बाबा खुर्ची ओढून बघत बसले होते. म्हणाले, "एवढंच? मग आमच्याकडे पण होता खोडरबर." तिसऱ्या खेपेला त्याने आतली पॉवर सप्लायची डबी बदलली आणि पेटी एक दिवस दुकानात नेऊन ठेवली. तिथे ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत शहाण्यासारखी चालली. "मॅडम, माझ्याकडे एकदम मस्त चालतो," तो म्हणाला. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, मग तुमच्याकडेच ठेवा, दत्तक घ्या.

यूपीएस घ्या असंही तो म्हणाला. घेतला असता, अंकाचं काम पुरं करून, पण अंकच पुरा होत नव्हता.

चाळीत गुपित राहत नाही. समोरच्या खोलीतल्या बाईंनी लिंबूमिरची आणून पडद्याला अडकवली. बाजूच्या काकीने येऊन पेटीकडे बराच वेळ बघितलं आणि माझ्यासाठी सोलकढी ठेवून गेली. ही काकी मालवणकडची, मला अजून चेडू, म्हणजे पोरगी, म्हणायची, आणि खानावळ चालवायची. मिल चालू होत्या तेव्हा तिच्याकडे गावाकडून आलेले, एकटे राहणारे कामगार जेवायचे. आता जेवायचे ते वॉचमन, कुरियरवाले आणि मिलच्या जागेत निघालेल्या ऑफिसांतली पोरं. आमच्या आणि तिच्या खोलीत एक लाकडी पार्टिशन होतं. तिच्याकडे उकळी फुटली की आम्हाला कळायचं.

घट बसायला आठवडा राहिला आणि माझी निम्मी पानंही झाली नव्हती. छापखान्यातून निरोप आला, दादरचा माणूस अजून तयार आहे. त्या दिवशी गुरुवार होता. मी सकाळपासून पानांमागून पानं काढत होते आणि पेटी एकदाही गचकली नव्हती. बाबा पेपर वाचता वाचता म्हणाले, "सोमवारी आणि गुरुवारी बरा असतो तुझा कॉम्प्युटर. उपास करतो काय?"

मला संताप आला. इथे माझ्या तोंडचं पाणी पळालंय आणि ह्यांना विनोद सुचतायत. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. खरंच सोमवारी पडत नव्हता. मंगळवारी नाही, गुरुवारी नाही, शनिवारी नाही. बुधवार, शुक्रवार, रविवार मात्र सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, ठरल्यासारखा. इंजिनियर यायचा ते नेमके त्याचे शहाणपणाचे दिवस. आणि आमच्या मजल्यावर सोमवार-गुरुवार पाळणारी जागा एकच होती, काकीची चूल. त्या दिवशी तिच्याकडे वरणभात आणि सुकी भाजी. बुधवार, शुक्रवार, रविवार म्हणजे मासळी, आणि मासळी म्हणजे नारळाचं वाटप.

शुक्रवारी सकाळी मी होतं तेवढं सेव्ह केलं आणि हात मांडीवर ठेवून बसले. पार्टिशनपलीकडे खोबरं किसल्याचा आवाज आला, मग भांड्याचं झाकण बसवल्याचा. मिक्सर घरघरला, आमची ट्यूब मिचमिचली आणि पडदा काळा झाला. हा मिक्सर गणपतीत आला होता. काकीचा खांदा दुखतो म्हणून भाच्याने आणून दिला होता, तोवर ती पाट्यावर वाटायची. श्रावणापासून गणपतीपर्यंत मासळी बंद, त्यामुळे मिक्सरला खरं काम लागलं ते गणपती गेल्यावर. मी काकीचा मिक्सर गेले दोन आठवडे ऐकत होते. चाळीत इतक्या घरांतून इतके मिक्सर घरघरतात की कानाला त्याचं काही वाटतच नाही.

दुपारी पीसीओवरून इंजिनियरला पेजर केला, शुक्रवार असला तरी या म्हणून. तो संध्याकाळी आला. मी काय झालं ते सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "पण मॅडम, त्यांच्या मिक्सरने तुमची पॉवर कशाला पडेल? दोघांचं मीटर वेगळं ना?" आम्ही जिन्याखालच्या मीटरच्या फळीपाशी गेलो. तो टॉर्च घेऊन वायरमागून वायर बघत वर आला, गॅलरीतून आमच्या दारावर, तिथून आत. आमच्या खोलीत माळ्याच्या कडेने एक जुनी, काळी पडलेली वायर फुटत होती आणि पार्टिशनच्या वरून पलीकडे उतरत होती. जोडावर कापडी पट्टी गुंडाळलेली होती, ती त्याने बोट लावताच गळून पडली.

"हे घ्या," तो म्हणाला, "बाजूचं अख्खं किचन तुमच्या मीटरवर आहे. वायर बारीक, जोड ढिला. मिक्सर लावला की तुमचं व्होल्टेज बसतं." त्याने खिशातून पकड काढली. "कापू? दोन मिनिटांत तुमचा प्रॉब्लेम खलास."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दोन आठवडे माझा घाम गळतोय, हातातलं काम चाललंय, आणि बाजूला आमच्या मीटरवर फुकटात वाटप चाललंय! मी हे मनात म्हटलं नाही, चांगलं मोठ्याने म्हटलं. फुकटात हा शब्द तर दोनदा म्हटला. लाकडी पार्टिशन होतं, पलीकडे काहीतरी जड ओढल्याचा आवाज आला.

"पकड ठेव खाली," बाबा इंजिनियरला म्हणाले.

बाबा सहसा कोणाला हुकूम करत नसत. इंजिनियरने पकड खिशात घातली. बाबा माझ्याकडे न बघता बोलायला लागले, पेपरातली बातमी सांगावी तसे. संप लांबला तेव्हा खानावळीतली माणसं गावी गेली, जी राहिली त्यांच्याकडे द्यायला काही नव्हतं, आणि काकी त्यांना वाढत राहिली. तिचं मीटर कापून नेलं. आमचं कापायची नोटीस आली होती. दोन घरांत मिळून एक मीटर वाचवता येत होतं, तेवढं वाचवलं. वायर बाबांनी स्वतः टाकली, पलीकडे एक बल्ब लागण्यापुरती.

"आणि बिल?" मी विचारलं.

"ती भरते."

"तेव्हा?"

"तेव्हापासून. वॉचमनकी लागल्यावर मी दोनदा पैसे घेऊन गेलो. घेतले नाहीत. म्हणाली, मीटर तुमचा, बिल माझा, फिटला."

मी ह्या घरात वाढले, रेशन आणलं, भाडं भरलं, केरोसीनच्या रांगेत उभी राहिले. लाइटबिल कधी हातात धरलं नव्हतं, आणि त्याचं मला कधी नवलही वाटलं नव्हतं. बाबा भरत असतील, असं. इंजिनियर अवघडून उभा होता. त्याने गपचूप तो जोड घट्ट केला, नवी पट्टी गुंडाळली आणि म्हणाला, थोडा फरक पडेल, पण भरलेलं भांडं लावलं तर परत पडेल. मग त्या दिवसाचे पैसे न घेता निघून गेला.

मला लाज वाटली. ती किती वाटली हे सांगण्यात अर्थ नाही. मी काकीच्या दारात गेले. ती पाटा धुवत होती. कोपऱ्यातून ओढून बाहेर काढलेला, मिक्सर त्याच्या खोक्यात परत भरलेला.

"काकी, हे काय?"

"तुजा काम होऊ दे आधी. माका काय, सवय आसा."

तो पाटा मी तिच्या हातून काढून घेतला, म्हणजे ओढाताणच झाली थोडी, आणि मिक्सर खोक्यातून बाहेर काढला. मी तिला समजावलं की मशीन बंद पडण्याचं काही नाही, पडण्याआधी मला कळलं पाहिजे. मी लिहिलेलं आत ठेवून घेते, त्याला सेव्ह म्हणतात, मग पडू दे खुशाल. तिने तो शब्द दोनदा म्हणून बघितला.

रविवारी सकाळी पार्टिशनवर थाप पडली आणि हाक आली, "सेव्ह कर गोऽ!" मी सेव्ह केलं. "केलं काकी!" मिक्सर घरघरला. पेटी पडली, टूँ करून उठली, मी होतं तिथून पुढे सुरू केलं. संध्याकाळी पुन्हा तेच. चाळीतल्या पोरांनी ती हाक उचलली आणि जिन्यावरून एकमेकांना सेव्ह कर गो म्हणत सुटली. घट बसायच्या आदल्या दिवशी मी पानं फणसवाडीत नेऊन दिली. मालकांनी चष्मा वर करून चार पानं बघितली आणि पुढच्या कामाचा गठ्ठा माझ्यापुढे सरकवला.

पुढच्या महिन्यात मी काकीकडे बिल मागायला गेले. ती द्यायला तयार नव्हती. मी म्हटलं, काकी, मीही हट्टी आहे, आता कमावते, एवढं तरी ऐका. ती बांगडे साफ करत होती, विळीवरून उठली नाही. मग मला अचानक सुचलं ते मी विचारलं. कॉम्प्युटर दिवसभर चालतो, त्यात पडद्याचीच केवढी वीज. तो आल्यापासून बिल वाढलं असेल की. कधी बोलला कशा नाहीत?

"वाढला तर," काकी म्हणाली. तिने बांगडा धुतला, परातीत ठेवला आणि दुसरा घेतला. "मी म्हटलंय, चेडू कामाक लागला."